आशियात दुसरे होतो? भारतीय फुटबॉलचे ‘चान्स’ आणि दाराची रुंदी

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्ध्यातच एपिसोड थांबला असेल, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटत असेल, तर हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी गप्पा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

विषय आहे फुटबॉल. आपली नॅशनल टीम आणि एएफसी आशियाई कप. हा कप म्हणजे आपल्या खंडाची सगळ्यात मोठी स्पर्धा, युरोपात जसा युरो कप असतो तशी.

सुरुवात अगदी ताज्या जखमेपासून करू. १४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, भारत विरुद्ध सिंगापूर. २०२७ च्या आशियाई कपसाठीची पात्रता फेरी. १४ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेनं लांबून गोल मारला आणि गोव्याचं पब्लिक उसळलं. पण हाफटाइमच्या तोंडावर सिंगापूरच्या सॉंग उई-यंगनं बरोबरी केली आणि ५८ व्या मिनिटाला त्यानंच दुसरा गोल मारला. भारत १-२ नं हरला. गटात अजून दोन मॅच शिल्लक होत्या, पण आकडेमोड संपली होती. सौदी अरेबियात होणाऱ्या स्पर्धेत आपण नसणार, हे त्या रात्रीच नक्की झालं.

त्यानंतर फोनवर जे काही फिरलं त्यात एक वाक्य सारखं दिसत होतं. ‘एके काळी आपण आशियात दुसऱ्या नंबरवर होतो, आणि आज सिंगापूरकडून हरतो.’ कुठल्याही मोठ्या पराभवानंतर हे वाक्य बाहेर येतं. लहानपणी तुम्ही ते काकांकडून ऐकलं असेल, आता रीलवर ऐकता.

वाक्य खोटं नाही. १९६४ च्या आशियाई कपमध्ये भारत खरोखर दुसरा आला होता. पण ‘दुसरा’ म्हणजे किती जणांत दुसरा, आणि तिथपर्यंत पोहोचला कसा, हे कुणी विचारत नाही. आज तेच विचारू. कारण हे नीट समजलं तर पुढच्या वेळी ‘आपले चान्स काय?’ या प्रश्नाचं उत्तर आपण जरा शहाणपणानं देऊ शकू.

चार टीम आणि एक रिकामी पात्रता फेरी

१९६४ चा आशियाई कप इस्रायलमध्ये झाला. तेव्हा इस्रायल आशियाई फुटबॉल संघटनेत होता. अरब देश त्याच्याशी खेळायला तयार नव्हते, आणि त्या स्पर्धेत माघार घेणाऱ्या देशांची रांगच लागली. भारताच्या पात्रता गटातल्या बाकी टीम बाजूला झाल्या आणि भारत एकही पात्रता मॅच न खेळता मुख्य स्पर्धेत पोहोचला. गंमत बघा, तेव्हा आपले इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९९२ मध्ये जुळले.

मुख्य स्पर्धेत टीम होत्या चार: इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. सेमीफायनल नाही, फायनल नाही. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि गुण मोजायचे. भारतानं दक्षिण कोरियाला २-० नं हरवलं, इस्रायलकडून ०-२ नं हरला आणि हाँगकाँगला ३-१ नं हरवलं. इस्रायल तिन्ही मॅच जिंकून चॅम्पियन, दोन विजयांवर भारत दुसरा. स्पर्धा चालू असतानाच, २७ मे १९६४ ला, पंडित नेहरू गेले. इकडे देश दुःखात होता आणि तिकडे आपली टीम खेळत होती.

आता ‘आशियात दुसरे’ हे पुन्हा वाचा. तीन मॅच, दोन विजय. कोरियाला हरवणं ही खरी कमाई होती, ती कुणी नाकारू नये. पण संपूर्ण आशियाला मागं टाकून आपण दुसरे आलो, असं चित्र डोळ्यांसमोर आणलं तर ते चुकीचं ठरेल. अर्धाअधिक आशिया त्या मैदानात आलाच नव्हता.

याच्या उलट बाजूची मॅच बघा. त्याआधीचा कप १९६० चा. त्याची पात्रता फेरी १९५९ च्या शेवटी कोचीला, म्हणजे आपल्याच घरात झाली. समोर इस्रायल, इराण आणि पाकिस्तान. इथं कुणी माघार घेतली नव्हती. भारत अडकला, इस्रायल पुढं गेला. पिढी तीच, पाच वर्षांच्या आतल्या दोन स्पर्धा. एकदा दार बंद होतं आणि आपण ते ढकलू शकलो नाही, एकदा दार आपोआप उघडलं आणि आपण दुसरे आलो.

मग ती टीम भारी नव्हती का?

होती. नक्कीच होती. फक्त तिचा पुरावा दुसरीकडे आहे.

‘मैदान’ सिनेमा बघितला असेल तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम तुम्हाला माहीत आहेत. अजय देवगणनं केलेली भूमिका. पेशानं शिक्षक असलेल्या या माणसानं भारताला १९५१ आणि १९६२ अशी दोन एशियन गेम्सची सुवर्णपदकं मिळवून दिली. मधे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

जकार्ताची १९६२ ची फायनल तर कधीही आठवावी अशी. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला गेम्सपासून दूर ठेवलं होतं, त्यावर भारताचे क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे खचाखच भरलेलं स्टेडियम भारताच्या विरोधात पेटलेलं. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी गटात आपल्याला ०-२ नं हरवलं होतं आणि जे तोवरचे दोन्ही आशियाई कप जिंकले होते. जर्नेल सिंग हा मुळात डिफेंडर, डोक्याला जखम, टाके पडलेले. रहीमनी त्याला पुढं फॉरवर्डला खेळवलं. पी. के. बॅनर्जींनी एक गोल मारला, एक जर्नेलनं. भारत २-१.

म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपण आशियातल्या उत्तम टीमपैकी एक होतो, हे खरं आहे. पण ते सिद्ध होतं जकार्तात, जिथं समोर तगडी टीम होती आणि परिस्थिती उलटी होती. १९६४ चा दुसरा नंबर हा त्या सुवर्णकाळाचा पुरावा कमी आणि एका राजकीय अपघाताचा परिणाम जास्त आहे.

रहीम ११ जून १९६३ ला कॅन्सरनं गेले. १९७० च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये कांस्यपदक मिळालं, आणि त्यानंतर पुरुष फुटबॉलमध्ये एशियन गेम्सचं पदक आपल्या हाती लागलेलं नाही.

दार किती रुंद होतं, हे आधी बघा

आता एक साधी गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा भाग त्यावर उभा आहे. आशियाई कपमध्ये किती टीम घेतात हे सारखं बदलत आलंय. १९५६ ते १९६४ चार टीम. १९६८ ला पाच, नंतर सहा. १९८० पासून तीन स्पर्धांत दहा, १९९२ ला आठ, १९९६ ला बारा, २००४ पासून सोळा. आणि २०१९ पासून चोवीस.

भारत मुख्य स्पर्धेत खेळला पाच वेळा: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ चा कप, जो प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतारला झाला. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की काहीतरी दिसायला लागतं.

१९८४. दहा टीमची स्पर्धा, सिंगापूरला. कलकत्त्याच्या पात्रता फेरीत भारत दक्षिण कोरियाच्या मागोमाग दुसरा आला. ही मात्र खेळून मिळवलेली जागा होती. कोच होते युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच. मुख्य स्पर्धेत चार मॅच: सिंगापूरकडून ०-२, संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२, इराणशी ०-० आणि चीनकडून ०-३. इराणला रोखलं हे कौतुकाचं, पण चार मॅचमध्ये एकही गोल नाही. यजमान सिंगापूरचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षं काहीच नाही. मधे एक विचित्र प्रसंग आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये भारताचं फिफा रँकिंग ९४ झालं, आजवरचं सर्वोत्तम. त्याच वर्षी अमिरातीत बारा टीमचा आशियाई कप झाला, आणि भारत त्यात नव्हता. म्हणून रँकिंगचा स्क्रीनशॉट दाखवून कुणी ‘चान्स आहे’ म्हणालं तर १९९६ आठवा.

२००७ च्या कपची पात्रता फेरी २००६ मध्ये झाली. गटात जपान, सौदी अरेबिया आणि येमेन. सहा मॅच, सहा पराभव. आता तुम्ही म्हणाल, या टीमनं पुढचाच कप, २०११ चा, गाठला कसा?

उत्तर आहे बाजूचं दार. आशियाई संघटनेनं दुबळ्या देशांसाठी ‘चॅलेंज कप’ नावाची वेगळी स्पर्धा सुरू केली होती आणि तिच्या विजेत्याला थेट आशियाई कपमध्ये जागा ठेवली होती. २००८ चा चॅलेंज कप भारतात झाला. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर फायनलमध्ये भारतानं ताजिकिस्तानला ४-१ नं हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली. बॉब हॉटनच्या टीमचा हा विजय पूर्णपणे रास्त होता. नियम जो होता त्यात आपण जिंकलो. पण जपान, सौदी अशा कुणालाही न भेटता आपण २०११ ला दोहाला पोहोचलो, हेही तितकंच खरं.

दोहात ते लगेच दिसलं. ऑस्ट्रेलिया ०-४, बहरीन २-५, दक्षिण कोरिया १-४. गोलकीपर सुब्रत पालनं इतके शॉट अडवले की तो नसता तर आकडे आणखी वाईट असते. त्या टीममध्ये गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि महेश गवळी होते, मुंबईचा स्टीवन डायस होता. कॅप्टन बायचुंग भुतिया दुखापतीमुळे शेवटच्या मॅचमध्ये जेमतेम काही मिनिटं उतरला. मुलांनी जीव लावला. पण छप्पन्न सालच्या आणि या ऑस्ट्रेलियातलं अंतर मेहनतीनं तीन आठवड्यांत भरून निघणारं नव्हतं.

२०१५ च्या कपसाठीही तेच बाजूचं दार होतं. या वेळी चॅलेंज कप जिंकता आला नाही. दार बंद.

एक रात्र, जेव्हा खरंच चान्स होता

२०१९ ला दार चोवीस टीमचं झालं. पात्रतेच्या पहिल्या टप्प्यात भारताची अवस्था बिकट होती. आठपैकी सात मॅच हरलो, त्यात ग्वामसारख्या छोट्या बेटाकडूनही एक. जुन्या सोळा टीमच्या नियमात गोष्ट तिथंच संपली असती. पण जागा वाढल्यामुळे आणखी एक टप्पा होता. लाओसला हरवून भारत त्यात गेला, आणि म्यानमार, किर्गिझस्तान, मकाव यांच्या गटात पहिल्या चारही मॅच जिंकून ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरूतच तिकीट पक्कं केलं.

दार रुंद झालं म्हणून मिळालेली संधी, हे कबूल. पण या वेळी टीमनं त्या संधीचं सोनं करायला सुरुवात केली. ६ जानेवारी २०१९, अबू धाबी. थायलंडला ४-१. छेत्रीचे दोन, अनिरुद्ध थापा आणि जेजे यांचा एकेक गोल. १९६४ नंतर आशियाई कपमधला पहिला विजय, पंचावन्न वर्षांनी. मग अमिरातीकडून ०-२, पण त्या मॅचमध्ये दोनदा बॉल गोलच्या बारवर आदळला. खेळ तोडीस तोड होता.

१४ जानेवारी, शारजा, बहरीनशी शेवटची मॅच. इथं जरा आकडेमोड करू, कारण ‘चान्स’ हा शब्द नेमका कसा असतो ते इथं दिसतं. मॅच बरोबरीत सुटली असती तर भारताचे चार गुण झाले असते. थायलंडचेही चारच, पण आपण त्यांना हरवलेलं, म्हणून आपण वर. म्हणजे गटात दुसरे आणि थेट बाद फेरीत. नव्वद मिनिटं ०-० असंच होतं. इंज्युरी टाइम सुरू झाला आणि आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये फाउल झाला. पेनल्टी. गोल. ०-१. दुसऱ्या नंबरवरून थेट चौथ्यावर. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइननी त्याच रात्री राजीनामा दिला.

माझं मत विचाराल तर १९६४ च्या दुसऱ्या नंबरपेक्षा ही इंज्युरी टाइममध्ये हुकलेली बरोबरी मला जास्त मोलाची वाटते. इथं कुणी माघार घेतली नव्हती. समोर यजमान होते, थायलंड होतं, बहरीन होतं, आणि आपण त्यांच्यात बसत होतो.

आणि मग दार पुन्हा अरुंद झालं

पुढचा कप गाठताना भारत जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांनाही हरवून दिमाखात गेला. हाँगकाँगला तर ४-०. सगळीकडे उत्साह. जानेवारी २०२४ मध्ये कतारला मात्र ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन मॅच, शून्य गोल, शून्य गुण. बाद फेरीत जायला गटात तिसरं येऊनही चालत होतं, तेही जमलं नाही.

मग आली २०२७ ची पात्रता, आणि इथं नियमानं बाजू बदलली. वर्ल्ड कप ४८ टीमचा झाल्यामुळे आशियातली पात्रता फेरीही नव्यानं आखली गेली. वर्ल्ड कप पात्रतेच्या दुसऱ्या टप्प्यात नऊ गट, प्रत्येकातल्या पहिल्या दोन टीमना आशियाई कपचं थेट तिकीट. झाल्या अठरा जागा. आपल्या गटात कतार पहिला, कुवेत दुसरा, आपण तिसरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्या घरी १-० नं हरवूनही, नंतर गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो आणि कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली. थेट तिकीट शेवटी हुकलं.

उरल्या सहा जागा, सहा गट. प्रत्येक गटातून फक्त पहिली टीम. २०१९ च्या वेळी याच टप्प्यात पहिले दोन जात होते. फरक लक्षात आला का? स्पर्धा चोवीस टीमचीच, पण आपण ज्या रांगेत उभे होतो तिथलं दार निम्मं झालं होतं. दुसरं येऊन भागणार नव्हतं.

गट कागदावर सोपा वाटत होता: हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. २५ मार्च २०२५, शिलाँग, बांगलादेशशी ०-०. त्याच दिवशी हाँगकाँग-सिंगापूरही ०-०. म्हणजे त्या दिवशी एक गोल मारला असता तर आपण गटात एकटे वर असतो. १० जूनला हाँगकाँगला गेलो, इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी, ०-१. शारजाची आठवण येणारच. ऑगस्टमध्ये खालिद जमील कोच झाले. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीनं १-१ करून आशा जिवंत ठेवली. मग फातोर्डा.

आता ते नाव. सिंगापूर. १९८४ ला ते यजमान म्हणून आशियाई कप खेळले होते आणि आपल्याला हरवलं होतं. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं ते मुख्य स्पर्धेत पोहोचले नव्हते. खेळून मिळवलेली त्यांची पहिली पात्रता २०२५ ला झाली, आणि ती आपल्याला मागं टाकून झाली. ‘सिंगापूरकडून हरतो’ असं नाक मुरडून म्हणण्याआधी हे आठवलेलं बरं.

सोळा मॅचचा हिशेब

पाच स्पर्धांचा एकत्र हिशेब मांडू. सोळा मॅच. विजय तीन, बरोबरी एक, पराभव बारा. मारलेले गोल बारा, खाल्लेले तेहतीस.

अजून एक पायरी. १९६४ बाजूला काढलं तर उरतात तेरा मॅच आणि सात गोल. त्या सातांपैकी चार एकट्या छेत्रीचे. जून २०२४ मध्ये तो कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. गोल कोण मारणार, या प्रश्नाचं उत्तर चौदा वर्षं एकच नाव होतं, आणि नंतरही तेच. कतारमधले तीन शून्य आणि शिलाँगचं शून्य त्याच धाग्यातले आहेत. दार कितीही रुंद करा, आत गेल्यावर गोल लागतात.

शिडी कशी बांधतात

मग खरी प्रगती दिसते कशी? कतारमध्ये ज्यांनी आपल्याला तीन गोल मारले त्या उझबेकिस्तानकडे बघा. १९९१ ला स्वतंत्र झालेला देश, लोकसंख्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. १९९६ ला पहिला आशियाई कप खेळला, आणि तेव्हापासून एकही चुकवलेला नाही. २०१२ ला १६ वर्षांखालच्या मुलांनी आशिया जिंकला, २०१८ ला २३ वर्षांखालच्यांनी, २०२३ ला २० वर्षांखालच्यांनी. २०२४ ला ते पहिल्यांदा ऑलिंपिक फुटबॉल खेळले आणि जून २०२५ मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरले. खालच्या वयोगटातली पोरं वर येताना दिसतात. एका पायरीवरून दुसरी.

आपल्याकडेही २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि फातोर्डा, दोन्ही ठिकाणी मॅच झाल्या. भारतीय टीमच्या तिन्ही मॅच दिल्लीत होत्या. तिन्ही हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं जो गोल मारला तो फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल ठरला. मात्र तिथंही आपण यजमान म्हणून होतो. तेही एक उघडलेलं दार. २०२७ च्या आशियाई कपच्या यजमानपदासाठीही भारत शर्यतीत होता, पण डिसेंबर २०२२ मध्ये आपण माघार घेतली आणि स्पर्धा सौदीला गेली. यजमानपद मिळालं असतं तर फातोर्डाच्या रात्रीची गरजच पडली नसती. आणि आपण पुन्हा म्हणालो असतो, बघा, सलग तिसऱ्यांदा आशियाई कप!

त्यात टीम किती सुधारली हे मात्र कुणाला कळलं नसतं.

पुढच्या वेळी कुणी चान्स विचारले तर

म्हणून मंडळी, पुढच्या पात्रता फेरीचा ड्रॉ निघेल, व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या वेळी नक्की’ सुरू होईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा.

पहिला: दार किती रुंद आहे? गटातून किती जण जातात, आणि आपण मुख्य दारातून चाललोय की बाजूच्या?

दुसरा: गेल्या दोन-तीन वर्षांत आपण आपल्यापेक्षा बऱ्या टीमला, त्यांच्या मैदानावर, किती वेळा हरवलं? मालदीवला तीन गोल मारले हे उत्तर इथं चालत नाही.

तिसरा: गोल कोण मारणार? आणि उत्तरात एकच नाव येत असेल, तर त्याच्या मागं उभी असलेली वीस वर्षांची पोरं कुठं आहेत, कुठल्या क्लबमध्ये किती मिनिटं खेळतायत?

या तीन प्रश्नांची उत्तरं घेतली की आशा सोडावी लागत नाही, फक्त ती जमिनीवर येते. २०१९ ला या तिन्हींची उत्तरं बऱ्यापैकी होती, म्हणून आपण बाद फेरीपासून फक्त काही मिनिटं लांब राहिलो. २०२५ ला तिन्ही उत्तरं कच्ची होती आणि तरीही आपण ‘गट सोपा आहे’ म्हणत राहिलो.

आणि १९६४? त्या टीमला मान द्यायचा असेल तर ‘आशियात दुसरे’ हे वाक्य जरा बाजूला ठेवू. जकार्ता सांगू. टाके पडलेल्या डोक्यानं खेळणारा जर्नेल सांगू, विरोधात ओरडणारं स्टेडियम सांगू, गटात हरवणाऱ्या कोरियाला फायनलमध्ये हरवणं सांगू. ते कुणाच्या माघारीमुळे मिळालं नव्हतं. रहीमच्या पोरांची खरी कमाई ती आहे, आणि आजच्या पोरांना मोजायची पट्टीसुद्धा तीच असायला हवी.

चला, या भागापुरतं इतकंच. २०१९ ची बहरीनची मॅच कुणी जागून बघितली होती, आणि पेनल्टी मिळाली तेव्हा घरात काय झालं होतं, ते नक्की लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात.